विश्लेषण : डीलरची खरेदी किंमत कळली, की अमेरिकेत आलिशान मोटारीचे ‘लीज’ स्वस्त पडते का?

आयात मोटारींवरील वाढीव शुल्क, चढे व्याजदर आणि विजेवरील मोटारींच्या लीजला मिळणारी करसवलत बंद होणे, या तीन गोष्टींमुळे अमेरिकेत आलिशान मोटार लीजवर घेणे २०२५ मध्ये महागले. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठीही हा जिव्हाळ्याचा विषय आहे; कारण व्हिसाची तीन वर्षे आणि लीजची ३६ महिने ही मुदत अनेकांच्या हिशेबात नेमकी जुळते. अशा वेळी एक जुना सल्ला पुन्हा दिला जातो : ‘डीलरला मोटार कितीला पडली ते आधी शोधा, मग बोलणी करा.’ सल्ला योग्य आहे, पण अर्धा. डीलरची किंमत कळल्याने नेमके काय हाती येते, काय येत नाही आणि उरलेले पैसे कुठे निसटतात, याविषयी…

लीज म्हणजे नेमके काय?

लीजमध्ये मोटार ग्राहकाच्या मालकीची होत नाही. ती वित्तकंपनीच्या मालकीची राहते आणि ग्राहक ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक मैलांच्या मर्यादेत ती वापरतो. ३६ महिने आणि वर्षाला १० हजार मैल, म्हणजे सुमारे १६ हजार किलोमीटर, हा नेहमीचा करार. मुदत संपली की मोटार परत करायची किंवा करारात आधीच लिहिलेल्या किमतीला विकत घ्यायची.

ग्राहक पैसे देतो ते मुख्यतः दोन गोष्टींचे. पहिली म्हणजे वापराच्या काळात मोटारीची जेवढी किंमत घटेल तो घसारा. दुसरी म्हणजे वित्तकंपनीचे अडकलेले पैसे, त्यावरील व्याज. पूर्ण किंमत फेडायची नसल्याने कर्जाच्या हप्त्यापेक्षा लीजचा हप्ता कमी दिसतो. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, लेक्सस अशा कंपन्यांच्या स्वतःच्या वित्तकंपन्या आहेत आणि महागडी मोटार आवाक्यातली वाटावी यासाठी त्या लीजचा भरपूर वापर करतात. म्हणूनच साध्या मोटारींपेक्षा आलिशान मोटारींमध्ये लीजचे प्रमाण बरेच जास्त असते.

डीलरची ‘खरी किंमत’ कोणती?

अमेरिकेत मोटारीला निदान तीन किमती असतात. काचेवर चिकटवलेली किंमत म्हणजे ‘एमएसआरपी’, अर्थात उत्पादकाने सुचवलेली किरकोळ किंमत. तिलाच बोलीभाषेत स्टिकर किंमत म्हणतात. ती सुचवलेली असते, बंधनकारक नसते. डीलर तिच्याहून कमी किंवा जास्तही मागू शकतो. दुसरी ‘इन्व्हॉइस’ किंमत, म्हणजे कंपनीने डीलरला पाठवलेल्या बिलावरचा आकडा. तिसरी म्हणजे सर्व सवलती वजा जाता डीलरला मोटार प्रत्यक्षात पडते ती किंमत. ही तिसरी किंमत ग्राहकाला कुठेच छापील दिसत नाही.

इन्व्हॉइस आणि प्रत्यक्ष किंमत यांच्यात फरक पडतो तो तीन कारणांनी. काही कंपन्या मोटार विकली गेल्यावर किमतीचा काही भाग डीलरला परत देतात. त्याला ‘होल्डबॅक’ म्हणतात. तो साधारणपणे एक ते तीन टक्के असतो, मात्र सगळ्याच कंपन्या तो देत नाहीत. दुसरे, एखादे मॉडेल पडून राहिले की कंपनी थेट डीलरला रोख साहाय्य देते. तिसरे, महिन्याचे किंवा तिमाहीचे लक्ष्य गाठले की बोनस मिळतो. त्यामुळे ‘आम्ही तुम्हाला इन्व्हॉइसवर देतोय, आमचा नफा शून्य’ हे वाक्य ऐकले तर ते शब्दशः घेऊ नये. इन्व्हॉइस हा बोलणी सुरू करण्याचा आकडा आहे, तळ नव्हे.

ही माहिती ग्राहकाच्या हाती कशी आली?

१९५० च्या दशकात अमेरिकी ग्राहकाला शोरूममध्ये छापील किंमतही दिसत नसे. डीलर माणूस पाहून दर सांगे. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक नव्या मोटारीवर किमतीचा तपशील असलेले लेबल सक्तीचे झाले. आजही त्या लेबलला ‘मोनरोनी स्टिकर’ म्हणतात.

पुढची पायरी होती डीलरच्या बाजूचा आकडा. १९६६ मध्ये सुरू झालेल्या एडमंड्स या प्रकाशनाने मोटारींची माहिती आणि किमती पुस्तिकांच्या रूपाने विकायला सुरुवात केली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर हीच माहिती इंटरनेटवर आली आणि पुस्तिकेत शोधावा लागणारा इन्व्हॉइसचा आकडा घरबसल्या दिसू लागला.

२००५ मध्ये स्थापन झालेली ट्रूकार ही कंपनी आणखी पुढे गेली. डीलरची किंमत काय, याऐवजी ‘तुमच्या भागात इतरांनी हीच मोटार कितीला घेतली’ हे ती दाखवू लागली. डीलरांचा संताप झाला. २०११ च्या अखेरीस होंडाने, इन्व्हॉइसपेक्षा कमी किंमत तिथे जाहीर करणाऱ्या डीलरांचे जाहिरात-साहाय्य रोखण्याचा इशारा दिला. अनेक डीलर बाहेर पडले आणि ट्रूकारला कामाची पद्धत बदलावी लागली. किमतीची माहिती ही केवळ माहिती नसते, तो नफ्याच्या वाटणीचा झगडा असतो, हे त्या प्रसंगाने दिसले.

हप्ता कसा ठरतो?

इथेच लीजची मेख आहे. विकत घेताना ग्राहक एका किमतीवर घासाघीस करतो. लीजमध्ये मात्र हप्ता चार आकड्यांवर ठरतो.

पहिला, मोटारीची ठरलेली विक्री किंमत. तीत शुल्क आणि इतर जादा रकमा मिळवल्या की होणाऱ्या बेरजेला ‘कॅपिटलाइज्ड कॉस्ट’ किंवा ‘कॅप कॉस्ट’ म्हणतात. दुसरा, मुदतीअखेर मोटारीची उरणारी किंमत, म्हणजे ‘रेसिड्युअल व्हॅल्यू’. ती वित्तकंपनी ठरवते आणि ती स्टिकर किमतीच्या टक्केवारीत असते. तिसरा, ‘मनी फॅक्टर’. हे व्याजच, पण ०.००२० अशा अवघड रूपात लिहिलेले. त्याला २,४०० ने गुणले की वार्षिक व्याजदराचा अंदाज येतो; म्हणजे ०.००२० चा अर्थ ४.८ टक्के. चौथा आकडा मुदतीचा.

हिशेब असा : कॅप कॉस्टमधून उरणारी किंमत वजा करून महिन्यांनी भागले की दरमहा घसारा मिळतो. कॅप कॉस्ट आणि उरणारी किंमत यांची बेरीज करून तिला मनी फॅक्टरने गुणले की दरमहा व्याज मिळते. दोन्हींची बेरीज म्हणजे कराआधीचा हप्ता.

यात ग्राहकाच्या फायद्याची एक गोष्ट दडलेली आहे. उरणारी किंमत स्टिकरवरून ठरते, घासाघीस करून ठरलेल्या किमतीवरून नाही. त्यामुळे विक्री किंमत हजार डॉलरने खाली आणली, तर उरणारी किंमत तेवढीच राहते आणि हजारच्या हजार डॉलर घसाऱ्यातून कमी होतात. ‘लीजमध्ये किमतीवर बोलणी होत नाहीत’ असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. उलट इथे किमतीवरील बोलणी पुरेपूर वसूल होतात.

फरक किती पडतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोटारीची स्टिकर किंमत ६५ हजार डॉलर, इन्व्हॉइस ६१ हजार, मुदत ३६ महिने, उरणारी किंमत ५६ टक्के म्हणजे ३६,४०० डॉलर. वित्तकंपनीचे करार-शुल्क एक हजार डॉलर, ते कॅप कॉस्टमध्ये मिळवले. सुरुवातीला रोख काही नाही. विक्रीकर बाजूला ठेवू.

माहिती नसलेल्या ग्राहकाने स्टिकर किंमत मान्य केली आणि त्याला ०.००२४ चा मनी फॅक्टर लावला, तर कॅप कॉस्ट ६६ हजार होते. दरमहा घसारा सुमारे ८२२ आणि व्याज २४६ डॉलर. हप्ता १,०६८ डॉलर.

दुसऱ्या ग्राहकाने इन्व्हॉइस शोधून मोटार ६१ हजारांना ठरवली, मनी फॅक्टर मात्र तोच राहिला. घसारा ७११, व्याज २३६, हप्ता ९४७ डॉलर. महिन्याला सुमारे १२१ डॉलर वाचले. तीन वर्षांत जवळपास ४,३५०.

तिसऱ्याने किंमतही इन्व्हॉइसवर आणली आणि मनी फॅक्टरही ०.००२० असा मूळ दराचा मिळवला. व्याज १९७ डॉलरवर आले आणि हप्ता ९०८ डॉलर झाला. पहिल्या ग्राहकापेक्षा तीन वर्षांत एकूण सुमारे ५,७६० डॉलर कमी. मोटार तीच, रंग तोच, मुदतही तीच.

डीलरची किंमत कळल्याने होणारा फायदा मोठा आहे, हे दुसऱ्या ग्राहकावरून दिसते. पण किमतीवर जिंकूनही चौदाशे डॉलर व्याजात गेले, हेही त्याच्याच उदाहरणावरून दिसते.

मग डीलर कमावतो कुठे?

वित्तकंपनी डीलरला एक मूळ दर देते. चांगली पत असलेल्या ग्राहकाला तो दर लागू व्हायला हवा. पण त्यावर काही भर घालण्याची मुभा डीलरला बहुधा असते आणि या वाढीव व्याजातला वाटा त्याला मिळतो. आपल्या उदाहरणातील ०.०००४ ची भर दिसायला नगण्य वाटते, पण ती वर्षाला जवळपास एक टक्का व्याजाइतकी आहे.

दुसरी जागा म्हणजे जादा वस्तू आणि सेवा. रंगावरचा संरक्षक थर, टायरमध्ये नायट्रोजन, काचेवर कोरलेला क्रमांक, चाकांची कुलुपे. दुसऱ्या ग्राहकाच्या करारात अशा दोन हजार डॉलरच्या गोष्टी शेवटच्या क्षणी घातल्या, तर हप्ता ९४७ वरून १,००८ वर जातो. घासाघीस करून जे वाचवले त्यातले निम्मे परत गेले. तीन वर्षांनी परत करायच्या मोटारीच्या रंगाचे दीर्घकालीन संरक्षण ग्राहकाने का विकत घ्यावे, हा प्रश्न वेगळाच.

तिसरी जागा कागदपत्रांच्या शुल्काची, म्हणजे ‘डॉक फी’ची. कॅलिफोर्नियात तिला ८५ डॉलरची आणि न्यूयॉर्कमध्ये १७५ डॉलरची मर्यादा आहे. फ्लोरिडात कायद्याने मर्यादाच नाही.

चौथी गोष्ट म्हणजे जाहिरातीतला हप्ता. ‘महिना फक्त ७९९ डॉलर’ हे मोठ्या अक्षरात असते. करार करताना पाच हजार डॉलर भरायचे, हे बारीक अक्षरात. ते पाच हजार ३६ महिन्यांत वाटले, तर खरा हप्ता ९३८ डॉलर होतो. शिवाय सुरुवातीला भरलेल्या रकमेला एक धोका असतो. पहिल्याच वर्षी अपघातात मोटार निकामी झाली, तर विमा आणि ‘गॅप’ संरक्षण वित्तकंपनीचे उरलेले देणे भागवते. ग्राहकाने आगाऊ भरलेली रक्कम सहसा परत मिळत नाही. त्यामुळे आलिशान मोटारीच्या लीजमध्ये मोठी आगाऊ रक्कम भरणे शहाणपणाचे मानले जात नाही.

कायदा ग्राहकाला काय देतो?

१९७६ च्या कंझ्युमर लीजिंग कायद्याने आणि त्याखालील ‘रेग्युलेशन एम’ या नियमावलीने लीज करारात काय उघड करायचे ते ठरवून दिले आहे. एकूण कॅप कॉस्ट, त्यातून वजा झालेल्या रकमा, उरणारी किंमत, घसारा, संपूर्ण मुदतीचे व्याज, सर्व हप्त्यांची बेरीज, जादा मैलांचा आकार आणि मुदतीआधी करार मोडल्यास होणाऱ्या खर्चाची सूचना हे सगळे लेखी द्यावे लागते. एका मर्यादेपर्यंतच्या करारांना हा कायदा लागू होतो. २०२५ साठी ती ७१,९०० डॉलर होती. यात मोटारीची पूर्ण किंमत नव्हे, तर ग्राहकाचे करारातील एकूण देणे धरले जाते. त्यामुळे बहुतेक आलिशान मोटारींचे लीज त्यात बसते.

याच नियमात एक कमी वापरला जाणारा हक्क आहे. कॅप कॉस्टमध्ये कोणकोणत्या रकमा धरल्या, याची स्वतंत्र लेखी यादी सही करण्याआधी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. नायट्रोजन आणि कुलुपे सापडतात ती याच यादीत.

मात्र मनी फॅक्टर किंवा व्याजदर करारात लिहिण्याचे बंधन नाही. कर्जात वार्षिक व्याजदर ठळकपणे छापावा लागतो, लीजमध्ये तो लागत नाही. एकूण व्याजाची रक्कम मात्र द्यावी लागते आणि तिच्यावरून दर काढता येतो. एकूण व्याजाला महिन्यांनी भागायचे. आलेल्या आकड्याला कॅप कॉस्ट अधिक उरणारी किंमत या बेरजेने भागायचे. दुसऱ्या ग्राहकाच्या करारात एकूण व्याज ८,५०२ डॉलर दिसेल. त्याला ३६ ने भागले की २३६, त्याला ९८,४०० ने भागले की ०.००२४. भर घातली आहे का, हे फोनवरच्या कॅलक्युलेटरवर दोन मिनिटांत कळते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. मोटार घेतल्यावर तीन दिवसांत करार रद्द करता येतो, असे अनेकांना वाटते. शोरूममध्ये केलेल्या मोटार खरेदीला किंवा लीजला असा कोणताही देशव्यापी हक्क लागू नाही. सही झाली की करार झाला.

माहिती नसल्याचा फटका कोणाला बसतो?

घासाघीस हा ज्याच्या-त्याच्या कौशल्याचा भाग आहे, असे म्हणणे सोपे आहे. संशोधन वेगळे सांगते. कायद्याचे अभ्यासक इयन एअर्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी शिकागो परिसरातील डीलरांकडे प्रशिक्षित परीक्षक पाठवले होते. सगळ्यांनी एकाच पद्धतीने बोलणी केली. तरीही गोऱ्या पुरुषांपेक्षा स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना जास्त किंमत सांगण्यात आली. एअर्स आणि पीटर सीगलमन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, तीनशेहून अधिक जोड-भेटींच्या मोठ्या अभ्यासातही हेच चित्र दिसले.

पुढे फिओना स्कॉट मॉर्टन, फ्लोरियन झेटलमायर आणि होर्हे सिल्वा-रिसो या संशोधकांनी इंटरनेटचा परिणाम तपासला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार शोरूममधील व्यवहारात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक ग्राहक सुमारे दोन टक्के जास्त मोजत होते. इंटरनेटवरील सेवेमार्फत व्यवहार करणाऱ्यांत ही तफावत जवळपास नाहीशी झाली. माहितीचा सर्वाधिक फायदा तिच्याअभावी सर्वाधिक नाडल्या जाणाऱ्यालाच होतो, असा याचा अर्थ.

नव्याने अमेरिकेत गेलेल्या भारतीयाची अडचण आणखी एक असते. भारतातला कर्जफेडीचा चांगला इतिहास तिथल्या पतगुणांकात मोजला जात नाही. पगार मोठा, पण पतइतिहास कोरा. अशा वेळी डीलरने सांगितलेला वाढीव मनी फॅक्टर ‘पत नसल्यामुळे’ आहे की डीलरने घातलेली भर आहे, हे ग्राहकाला उमगत नाही. ‘माझी पत कोणत्या श्रेणीत धरली आणि त्या श्रेणीचा मूळ दर किती’ हा प्रश्न थेट विचारणे, एवढाच उपाय त्यावर आहे. उत्तर टाळले गेले, तर तेही एक उत्तरच आहे.

अलीकडे काय बदलले?

३ एप्रिल २०२५ पासून अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के जादा शुल्क लावले. पुढे जपान आणि युरोपीय संघाशी झालेल्या समझोत्यांनंतर त्यांच्या मोटारींसाठी शुल्काचा दर १५ टक्क्यांवर आला. आलिशान मोटारींच्या बाजारात जर्मन आणि जपानी नावांचा मोठा वाटा असल्याने त्याचा भार याच वर्गावर जास्त. पण सरसकट नाही. बीएमडब्ल्यूच्या अनेक एसयूव्ही दक्षिण कॅरोलायनातील स्पार्टनबर्गमध्ये आणि मर्सिडीजच्या काही अलाबामात तयार होतात. त्यामुळे ‘शुल्क वाढल्यामुळे किंमत कमी करता येत नाही’ असे उत्तर मिळाल्यास मोटार कुठे जुळवली गेली, ते मोनरोनी स्टिकरवर वाचावे. तिथे ते लिहिलेले असते.

दुसरा बदल विजेवरील मोटारींचा. स्वतः विकत घेणाऱ्यांसाठी उत्पन्नाची, किमतीची आणि उत्पादनाच्या ठिकाणाची बंधने होती. लीजवर दिलेल्या मोटारींना मात्र ‘व्यावसायिक’ मानून साडेसात हजार डॉलरपर्यंत करसवलत मिळे. ती सवलत मोटारीची मालक असलेल्या वित्तकंपनीला मिळत होती आणि ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचे बंधन नव्हते. ती पूर्ण दिली का, अर्धी दिली का, हे विचारणाऱ्यालाच कळे. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या मोटारींसाठी ही सवलत बंद झाली.

तिसरा बदल म्हणजे न आलेला नियम. फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये ‘कार्स’ नावाचा नियम जाहीर केला होता. मोटारीची पूर्ण किंमत सांगणे आणि निरुपयोगी जादा वस्तू न लादणे, ही त्यातली मुख्य सक्ती. डीलर संघटना न्यायालयात गेल्या. २७ जानेवारी २०२५ रोजी पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने आयोगाने प्रक्रिया पाळली नाही या कारणावरून नियम रद्द केला. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच धर्तीवर स्वतःचा कायदा केला. त्याच्या अंमलाची तारीख १ ऑक्टोबर २०२६ आहे. इतर बहुतेक राज्यांत अशा खास नियमाचा आधार नाही. राखण ग्राहकानेच करायची आहे.

प्रत्यक्ष बोलणी कशी करावी?

क्रम महत्त्वाचा. आधी किंमत, मग दर, शेवटी हप्ता. ‘महिन्याला किती परवडेल’ या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीला देऊ नये. ते दिले की चारही आकडे त्या रकमेत बसवले जातात आणि कुठला फुगवला ते कळत नाही. लीज घेणार असे सांगण्याआधी विक्री किंमत ठरवावी.

त्याच मॉडेलसाठी तीन-चार डीलरांकडून ई-मेलवर लेखी भाव मागवावेत. त्यात स्टिकर किंमत, विक्री किंमत, उरणारी किंमत, मनी फॅक्टर, सर्व शुल्के आणि सही करताना भरायची रक्कम असे सहा आकडे मागावेत. हप्ता आपण काढावा. जुनी मोटार देऊन नवी घ्यायची असेल, तर जुनीचा व्यवहार वेगळा ठेवावा. नाहीतर नवीवर दिलेली सूट जुनीच्या भावात वसूल होते.

विक्रीकर राज्यानुसार बदलतो. न्यू जर्सीत तो करार करतानाच पूर्ण मोजला जातो, कॅलिफोर्नियात दरमहा हप्त्यावर. दोन राज्यांतल्या मित्रांनी एकमेकांच्या हप्त्यांची तुलना केली, तर ती फसते ती इथे. मैलांचा अंदाजही आधीच नीट बांधावा. आलिशान मोटारींवर मर्यादेपलीकडे दर मैलाला साधारण २५ ते ३० सेंट पडतात.

उरणारी किंमत आणि वित्तकंपनीचे करार-शुल्क यांवर सहसा बोलणी होत नाहीत. तिथे शक्ती खर्च करू नये. मागणी जास्त आणि साठा कमी असलेल्या मॉडेलवर इन्व्हॉइस माहीत असूनही फार उपयोग होत नाही, हेही खरे. डीलरला दुसरा ग्राहक उभा असेल, तर आपल्या हातातला कागद त्याला घाबरवत नाही. अशा वेळी शेजारचे मॉडेल किंवा पुढचा महिना हाच पर्याय उरतो.

भारतात हे लागू पडते का?

भारतात वैयक्तिक लीजचा बाजार लहान असला, तरी कंपन्यांमार्फत अधिकाऱ्यांना मोटार लीजवर देण्याची पद्धत रुळलेली आहे. डीलरची खरेदी किंमत ग्राहकाला दाखवणारी तशी व्यवस्था मात्र इथे नाही. मर्सिडीज-बेंझने २०२१ पासून भारतात वेगळीच वाट धरली : साठा कंपनीचा, बिल कंपनीचे आणि देशभर एकच किंमत. डीलर मोटार दाखवतो, सुपूर्द करतो आणि सेवा देतो. किमतीवरची घासाघीसच अशा पद्धतीने संपवायची असते. अमेरिकेत टेस्लाने डीलर टाळून थेट विक्रीचा मार्ग धरला. तिथल्या अनेक राज्यांच्या डीलर-संरक्षक कायद्यांमुळे त्यावर वर्षानुवर्षे वाद झाले.

एकच किंमत असली, तरी लीजचा हिशेब बदलत नाही. उरणारी किंमत किती धरली, व्याज किती लावले, विमा आणि देखभाल कोणाकडून आणि कितीला जोडली, हे प्रश्न पुणे-मुंबईतही तेच राहतात. विक्री किंमत कागदावर दिसू लागली की नफा तिथून उठून दर, शुल्क आणि जोडलेल्या सेवांमध्ये जाऊन बसतो. अमेरिकेतील ग्राहकाला पहिला आकडा मिळवायला १९५८ चा कायदा आणि नंतरची चाळीस वर्षे लागली. मनी फॅक्टर त्याला अजूनही स्वतःच भागाकार करून काढावा लागतो.